उधाणाला चढणारी साखर

माजं म्हायेर उरनच्या बाजूला, मिठागराशेजारी, आनि सासर इथं पनवेलच्या खाडीकाठी, म्हंजे जल्म सगळा खाऱ्या पान्याच्या अंगानंच गेला बगा. शेत भाताचं. शेताला मातीचा बांध, बांधापलीकडं खाडी, आनि बांधात उघाडी. उघाडी म्हंजे लाकडाचं दार, पावसाचं पानी भायेर सोडायचं आनि भरती आली की बंद करायचं. ते दार आमच्या शेताच्या तोंडाला, म्हनून त्याची राखन आमच्या घराकडं, पार सासऱ्यापासून.

एका उधानाला बांध फुटला. माजा मालक छातीभर पान्यात उभा राहून माती भरत होता, बांध राखला त्यानं, पन ताप घेऊन घरी आला आनि त्या तापातच गेला. पोरबाळ नाय. घरात मी आनि सासू. गाववाले बोलले, आता उघाडीचं काय? मी बोलली, मी हाय. बोलायला काय लागतं, पन तवापासून अमावस आली, पुनव आली की मोठी भरती, उधान, आनि माजा जीव उघाडीत. झोप नाय, धड जेवन नाय, बांधावर बसून गुळाचा चाय पीत ऱ्हायची, एकावर एक. असं वर्सानुवर्सं. लोक बोलायचे, बाय वाळली. वाळली तर वाळली, शेत राखलं ना.

मंग उजव्या पायाला शिंपला लागला, अंगठ्याखाली, एवढासा. बरा होईना. हळद लावली, पाला बांधला, काय नाय. आनि तहान अशी की कळशीच तोंडाला लावावी. सासू मला धरून पनवेलच्या बाजारात डॉक्टरकडं घेऊन गेली. त्यानं काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात माजी लघवी टाकली आनि दिव्यावर उकळली. निळं होतं ते विटेसारखं लाल झालं. डॉक्टर बोलला, बाई, मधुमेह आहे, रक्तात साखर वाढलीय, म्हणून जखम भरत नाही. गोड बंद करा, सुया घ्या, नाहीतर पाय कापावा लागेल.   मी बोलली, पाय देनार नाय. एका पायानं चिखलात कोन उभं ऱ्हातं?

गूळ सोडला त्याच दिवशी. पन ऐका गंमत. आमच्यात मानूस आजारी पडलं की पेज. मऊ तांदळाची, मीठ घालून, वर भाजलेली सुकट. सासूनं माजं घरातलं काम सोडवलं, पाटावर बसवली आनि सकाळ-दुपार-सांज पेजच पेज, वाडगा रिकामा झाला की भरलाच. गोड कुठं हाय ती? आमी दोघी खूश. आनि नळी परत लाल! डॉक्टरनं एकेक विचारलं, पेजंवर आला नि कपाळाला हात लावला. बोलला, तांदळाचीसुद्धा पोटात साखरच होते. भात मूठभर, बाकी नाचणीची भाकरी, भाजी, मासे.

घरी सांगितलं तर सासू रडली. बोलली, पेज नको तर मी तुला देऊ काय? काय सांगू तुमाला, पाय दुखला नाय एवढं ते दुखलं. पन मी वाडगा पालथा घातला. घातला म्हंजे घातला.

मंग नळीचा रंग उतरला, लालाचा पिवळा, पिवळ्याचा हिरवा. जखमेचं तोंड मिटायला लागलं. आनि मधेच परत लाल, परत जखम ओली, असं दोनदा झालं. डॉक्टर बोलला, काय खाल्लंत? मी बोलली, काय नाय, आईशपथ. तो बोलला, मागल्या वेळी असंच झालं तेव्हा कोणता दिवस होता? मी बोलली, पुनव. आनि आज? अमावस. उपास करता का? उपास कसला, उधान असतं. तवा सगळं सांगितलं, उधानाला अजून बांधावर रात काढते ते, मालकाचं पन.  मंग बोलला, बाई, काळजीनंसुद्धा साखर चढते, वर जेवण नाही, झोप नाही. ह्यावर माझ्याकडे सुई नाही.

मंग मी गावकीत, गावाच्या बैठकीत गेली. बायका जात नाय तिथं. दारात उभी राहिली आनि बोलली, उघाडी साऱ्या गावाचं शेत राखते, मंग पाय माजाच एकटीचा का? राखनीची घरटी पाळी लावा. एक म्हातारा बोलला, नवऱ्याचं काम टाकतेस? माजं डोकंच फिरलं. पायाची पट्टी सोडून त्याच्या पुढ्यात धरली. बोलली, नवऱ्यानं जीव दिला, मी पाय नाय देनार.  पाळी लागली.

पहिल्या उधानाला घरात बसवेना, सासूनं हात धरून ठेवला. पुढं झोप लागायला लागली. जखम भरली, हा बगा डाग. सुई अजून हाय, भाकरी हाय. आज पुनव, पाळी वरच्या आळीची, आनि मी इथं तुमच्याशी गप्पा मारते. चाय घ्या, तुमच्या कपात गूळ हाय.

सासू आता नाय. शेवटाला तिला काय गिळवत नव्हतं, पेज मागायची. मीच करायची, मीच भरवायची. एकदा वास आला नि माज्या तोंडाला पानी सुटलं, भरवता हात थांबला, तिनं बगितलं. वाडगा आपल्याकडं ओढून घेतला म्हातारीनं, बोलली, तुला नाय देनार गं. तुजा पाय ऱ्हाऊ दे.