कॉलरचा फर्मा

नाही सर, तीच कॉलर आता मिळायची नाही — मान जरा वर, हां, अशी — साडेपंधरा, म्हणजे तुमची मान आहे तिथंच आहे, बदललंय ते इथलं. फर्मा मोडला का म्हणता? मोडला असता तर बरं झालं असतं. तो काय, खिळ्याला लटकतोय. सहा वर्षं त्याच्याभोवती खडू फिरवून मी कॉलरी कापल्या, तुमच्या सगळ्या शर्टांच्या त्याच्यावरच्याच. जाड, गुळगुळीत कार्ड — काढा की, काढा खिळ्यावरून. उलटा करा. येतंय ना वाचता? ‘...महिन्यांच्या आत चाळणी काढून घेण्यासाठी...’ — पुढचं गळ्याच्या गोलाईत गेलं. वर तारीख आहे, माझं अर्धं नाव आहे. हॉस्पिटलचं पत्र आहे ते, सर. माझ्यासाठी आलेलं, आणि इतकी वर्षं मी उलटून वाचलं नाही.

कसली चाळणी? अहो, मी शिडीवरून पडलो होतो, आठवतं? पाय प्लॅस्टरमध्ये, आणि त्याच पायात रक्ताची गुठळी झाली. ती वर सरकून फुप्फुसात गेली की माणूस बोलता बोलता जातो. रक्त पातळ करायचं औषध देतात, पण माझ्या पोटात अल्सर, आतून रक्त जात होतं — म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. म्हणून मानेतून नळी घालून पोटातल्या मोठ्या शिरेत तारेची चाळणी बसवली, कापड काढलेल्या छत्रीसारखी. गुठळी आलीच तर तिथं अडकेल. पण ती तात्पुरती, सर! कच्च्या टाक्यासारखी. शिलाई पक्की झाली की कच्चा टाका उसवायचा, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. राहिला तर कापड ओढतो. माझी राहिली. आता एक काडी शिरेतून आरपार बाहेर आलीय, एक तुटलीय — आणि मी समजत होतो, मशीनवर बसून बसून पाठ दुखते! डॉक्टरांनी फोटो काढला आणि माझ्यावरच डाफरले, काढायला का आला नाहीत, पत्र पाठवलं होतं.

घरी आलो, जेवता जेवता धाकट्या भावाला सांगितलं — कसलं पत्र नि काय, हे लोक आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात मारतात. तर हा ताटावरून उठला, खाली दुकानात आला, तो फर्मा काढला आणि वर आणून माझ्यासमोर उलटा ठेवला. मग म्हणे, “दादा, पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा शाळेच्या अडीचशे गणवेशांचं काम होतं. तू परत अंथरुणाला खिळला असतास तर ते गेलं असतं. म्हटलं, झालं की सांगू.” झालं की काम! मग? “मग मुदत टळून गेली होती. सांगायची भीती वाटली.” आणि जुना फर्मा भिजून लगदा झाला, हाताला जाड असं ते एकच लागलं म्हणे, घातली कात्री. अहो, कापलं त्याचंसुद्धा एवढं नाही. पण सहा वर्षं हा समोरच्या मशीनवर बसलाय, मी रोज ते हातात घेतोय आणि हा बघतोय. रोज, सर! आई गेली तेव्हा एवढासा होता, ह्याला मांडीवर झोपवून मी काजं केली. केसानं गळा कापला. परका असता तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो.

काय म्हणालात? मी स्वतः का नाही विचारलं? — हात सैल सोडा, बाही राहिलीय. घरी सोडताना नर्स म्हणाली होती, पत्र येईल, परत या. आलं नाही. मी — दोनदा हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेलो होतो मी. खरंच. त्या औषधांचा वास आला, तसाच आलो परत. म्हटलं, पत्र नाही म्हणजे काम नाही. बरं वाटलं, सर, खोटं कशाला बोलू. हे त्याला माहीत नाही. सांगणारही नाही. पत्र त्यानं कापलं, मी नाही! — तेवीस. तेवीस बाही.

गुरुवारी काढणार. मानेतूनच, पण आता ती रुतलीय. नाही निघाली तर पोट उघडायचं, आणि शीर फाटली तर — पुढचं मी विचारलं नाही. तो कागद होय? ऑपरेशनच्या संमतीचा. माझी सही झालीय. खाली नातेवाइकाची जागा रिकामी आहे. अहो, पेन कशाला काढताय, ठेवा! नातं काय लिहाल, गिऱ्हाईक? बसलाय की तो समोरच्या पायरीवर, सकाळपासून — बघू नका, बघू नका त्याच्याकडे. तीनदा आत आला, तीनदा हाकलला. पाण्याचा घोट घेतला नाहीये गाढवानं.

झालं तुमचं माप. शर्ट सोमवारी न्या. मी नसलो तर — तो देईल, हात चांगला आहे त्याचा. निघा आता. आणि दार ओढून घेऊ नका, राहू दे तसंच. उकडतंय म्हणून सांगतोय, दुसरं काही नाही. निघा.