जिवतीच्या अक्षता कुठं टाकायच्या?

सांगते, पण हसायचं नाही हं. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा झाली की आपण मुलांना ओवाळतो, आणि मूल लांब असलं तर त्याच्या नावानं चारी दिशांना अक्षता टाकतो. आमची मंजू अमेरिकेत कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. लहानपणी रस्त्यावर खडी पडली की फ्रॉकच्या ओच्यात दगड भरून घरी आणायची, तोच नाद पुढं नोकरी झाला. यंदाही तिला रजा मिळाली नाही, म्हणून मी व्हिडिओ कॉल लावूनच तिला ओवाळलं. मग अक्षता टाकायला लागले, तर म्हणते कशी,

"आई, चारी दिशा चुकल्या की तुझ्या! पृथ्वी गोल आहे. मी जवळजवळ तुझ्या पायाखाली आहे, खाली टाक."

"अगं बाई! म्हणजे रोज तुझ्या डोक्यावर पाय देऊन हिंडते की काय मी?"

शेजारी बसलेल्या जाऊबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मी मात्र खाली बसले, फरशीवर अक्षता टाकल्या आणि तिथंच हात ठेवून म्हटलं, "मग याच वाटेनं ये की. जवळ पडेल."

"मध्ये वितळलेलं लोखंड आहे, आई. लई तापलेलं."

"असू दे. सोलापुरातले मे महिने काढलेत तू."

मंजू खो खो हसली. हसता हसताच तिनं कॅमेऱ्यावर तळहात ठेवला, आणि तो बराच वेळ काढला नाही.