बंद गाडीतलं फिरतं चाक

अरे ऐक ना, आत्ता शारजाच्या वर्कशॉपमध्ये काय झालं ते ऐक, चहा नंतर घे! आमच्या ट्रायलवाल्या इलेक्ट्रिक व्हॅनमध्ये फ्लायव्हील बसवलंय. म्हणजे ब्रेक मारला की एक जड चाक जोरात फिरायला लागतं आणि गाडीची ताकद त्याच्यात साठते. त्याच्या डब्यात काहीतरी बिघडलं. आमचे मेकॅनिक सावंतकाका, चिपळूणचे, त्यांनी नेहमीसारखी आधी बॅटरीची वायर काढली आणि पाना उचलला.

मी ओरडलो, "काका, थांबा! चाक अजून फिरत असेल, हात जाईल तुमचा!"

"गाडी बंद, बॅटरी काढलीय, मग फिरतंय कशावर?"

"नुसतंच फिरतं ते. तासन् तास."

काकांनी डब्याला कान लावला. "आवाज कुठाय?"

"आतली हवा काढलेली असते, म्हणून आवाज जवळजवळ येतच नाही."

"म्हणजे फिरलं तरी गप्प, थांबलं तरी गप्प? मग मला कळणार कसं, बाबा?"

मी फ्लायव्हीलच्या सप्लायरला फोन लावला. तो म्हणतो, "हबीबी, सिंपल है. स्क्रीन पे स्पीड देखो, झीरो हो तो खोलो."

स्क्रीन बघतो तर काळी. ती बॅटरीवरच चालते ना!

काका म्हणाले, "वायर परत जोडू?"

मी परत फोनवर, "बॅटरी जोडी तो चक्का फिर से चालू तो नहीं होगा?"

"इन्शाल्ला नहीं होगा."

इन्शाल्ला! म्हणजे देवाची मर्जी असेल तर! आणि काका एका हातात वायर, दुसऱ्या हातात पाना घेऊन माझ्याकडे बघतायत. तू असतास तर काय सांगितलं असतंस त्यांना?