तीन दिवसांचं लंडन

न्हाई, बॅग तितंच राहू दे, ओट्यावर. पाणी देते, पाणी कुणालाबी देतो आमी. पण आधी मला सांग संदेश, लंडनवरनं मुंबई किती लांब? सांग की! आई गेली तवा फोनवर काय म्हणला व्हतास — "आबा, इमानाला तीन दिवस लागत्यात, माझ्यासाठी थांबू नका, उरकून घ्या." आणि आबा, ते भोळं माणूस, साऱ्या औंढे गावात सांगत फिरलं — "पोरगं तरी काय करणार, तीन दिवसांची वाट, मयत थोडीच थांबती!" मीबी तेच सांगायची. व्हय, मोबाईल हाय माझ्याकडं, बघता आलं असतं. पण सख्खा भाऊ आईच्या मढ्यावर खोटं बोलंल, असं कुणाच्या मनात तरी येतंय का रं?

मळवलीच्या बंगल्यावर सैपाकाला जाते ना मी, तितं गेल्या महिन्यात लंडनचे पावणे आलते. त्यांची सून भाकरी शिकायची म्हणून माझ्याजवळ बसली. मी म्हणलं, ताई, तीन दिवस इमानात बसून कंबर मोडली असंल. ती हसायलाच लागली! म्हणली, "मावशी, अंतर सात हजार किलोमीटर, पण नऊ-साडेनऊ तासांचंच काम. जेवून झोपलो, उठलो तर मुंबई." माझी भाकरी तव्यावरच करपली. आपल्या काकाचा निलेश रेल्वेनं नागपूरला जातो, त्याला ह्याच्याहून जास्त येळ लागतो — म्हंजी नागपूर लांब नि लंडन जवळ!

घरी आले ती थेट आबांच्या खाटंजवळ. अंथरुणाला खिळले व्हते, पण कान शाबूत. सगळं सांगितलं त्यांना. का? का म्हंजी! लाडकं पोरगं कसं हाय ते कळू दे की मरायच्या आधी. एकदा, एकदा तरी त्यांनी तुला शिवी घालावी, एवढंच व्हतं माझ्या मनात. आणि त्यांनी काय केलं ठावं हाय? हसले! तोंडात दात न्हाई, तरी एवढं हसले — "एका रातीचीच वाट? मंग उद्याच येतोय की पोरगं! सारिका, फोन लाव त्याला. माझी दाढी करून घे." लय राग आला मला, लय. तरी दाढी केली, टोपी घातली, उशी लावून बसवलं. रोज इचारायचे, "कळवलंस का गं संदेशला?" — मी म्हणायची, "व्हय आबा, कळवलंय, निघालाय त्यो" — अन् मंग —

काय बघतोस?

व्हय. न्हाई कळवलं. निलेशनं तुला कळवलं ते मी आबांना अग्नी दिल्यावर. बघ, बघ माझ्याकडं — तू आला असतास, म्हणून न्हाई कळवलं! धावत आला असतास, त्यांच्या पायाशी बसून रडला असतास, आणि त्या माणसानं तुझ्या तोंडावरनं हात फिरवून सगळं माफ केलं असतं. मंग आईचं काय? ती तुझं नाव घेत गेली, तिचं काय? तिच्या वाटणीचं माफ करणारे आबा कोण?

रडू नकोस. हितं न्हाई. रडायचंच असंल तर लोणावळ्याच्या ठेसनात बसून रड, तितं कुणी वळखायचं न्हाई तुला. जा म्हणते ना. जा.