मिनिटाला सात श्वास

आई : मग ओरडलास का डॉक्टरांवर? शेजारच्या खाटेवरची बाई सांगत होती, तुमच्या मुलाने काल वॉर्ड डोक्यावर घेतला म्हणून.

मुलगा : नाही गं. आवाजच मोठा आहे माझा. तलावावर तीस पोरांना पोहायला शिकवायचं, तर हळू बोलून चालतं का?

आई : पण झालं काय? परवा खुब्याचं ऑपरेशन झालं ते आठवतंय. काल सकाळचा चहा आठवतोय. त्यानंतर एकदम तुझा हा पडलेला चेहरा.

मुलगा : मधे तू झोपलीस. म्हणजे सगळ्यांना तसं वाटलं. गणवेश शिवता शिवता तीन घरची भांडणं मिटवणारी तू, आणि हाक मारली तर नुसतं ‘हं’. जो तो म्हणाला, वय झालंय, भूल उतरायला वेळ लागतो, झोपू द्या.

आई : मग झोपू द्यायचं.

मुलगा : श्वास बघितला ना मी तुझा! दिवसभर पाण्याकाठी उभं राहून दुसरं काय बघतो मी? घड्याळ लावून मोजला. मिनिटाला बारा. अर्ध्या तासाने दहा. मग आठ.

(औषधांची ट्रॉली ढकलत सिस्टर येते.)

सिस्टर : दादा, सांगितलंत का आजींना?

मुलगा : सांगतोय. श्वासापर्यंत आलोय.

सिस्टर : मग पुढचं मी सांगते. ते मीच सांगायला हवं. आजी, दुखणं कमी व्हायला कातडीवर एक पट्टी चिकटवतात. तिच्यातलं औषध हळूहळू अंगात उतरतं. ऑपरेशन झाल्यावर तिकडच्या खोलीतच तुमच्या पाठीवर एक लावली होती, पण कागदावर तशी नोंद केली नव्हती. तुम्ही वॉर्डात आलात आणि मी दंडावर दुसरी लावली. पाठ न बघता.

आई : म्हणजे दोन?

सिस्टर : दोन. औषध दुप्पट झालं, त्यानेच श्वास मंदावला. दादा तीनदा काउंटरवर आले. दोनदा मीच त्यांना परत पाठवलं. तिसऱ्यांदा त्यांनी आकड्यांचा कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, मला औषधातलं काही कळत नाही, पण माझी आई अशी नसते. तुम्ही एकदा येऊन मोजा. चुकत असेन तर गप्प बसतो.

आई : मग आलीस?

सिस्टर : आले. मोजले. सात. डॉक्टरांना बोलावलं, तुम्हाला कुशीवर वळवलं, तर पाठीवर ती पहिली पट्टी.

मुलगा : मग काय पळापळ! दोन्ही पट्ट्या काढल्या, ऑक्सिजन लावला, औषधाचा जोर उतरवायचं इंजेक्शन दिलं. मी हाका मारतोय, आणि तू डोळे उघडून म्हणतेस, “कान फुटले माझे.” आई, इतकं गोड मला आयुष्यात कोणी बोललं नाही.

सिस्टर : दादा, मी एक सांगायला आले. तक्रार लिहून द्या. माझं नाव घालून.

मुलगा : सिस्टर, ड्यूटी संपली तरी अंधार पडेपर्यंत तुम्ही हिच्या उशाशी होतात. मी बघितलंय ते.

सिस्टर : तेही लिहा हवं तर. पण आधी चूक. लिहिलं नाही तर ती खोली आणि हा वॉर्ड यांच्या मधल्या मधे विरून जाईल. पट्टी कुठे लावली, याला फॉर्मवर जागाच नाही. ती व्हायला हवी. मोठ्या सिस्टरना मी कालच सगळं सांगितलंय.

आई : आणि तुझी नोकरी?

सिस्टर : माहीत नाही, आजी.

आई : लिही रे. हिची चूक लिही, त्या तिकडच्यांची लिही. आणि ही तोंड लपवून बसली नाही, माझ्यासमोर उभं राहून बोलली, तेही लिही. अक्षर जरा बरं काढ.

मुलगा : काढतो.

आई : तीनदा गेलास?

मुलगा : चौथ्यांदाही गेलो असतो.

आई : हात दे इकडे. ...थंडगार पडलाय. जेवलास का काही?

मुलगा : जेवेन. आई, मोठ्या सिस्टर म्हणत होत्या, तुला हवं असेल तर या खाटेला दुसरी नर्स देतील.

सिस्टर : खरंच, आजी. संकोच करू नका. मला वाईट वाटणार नाही.

आई : वाटेल. आणि दुसरी कशाला? हिच्याइतकी नीट माझी पाठ आता कोण बघणार आहे?

(सिस्टर ट्रॉली बाजूला सारून खाटेजवळ येते.)

आई : चल, वळव मला. सावकाश.