येरमाळ्याच्या स्टँडवरचा पॉडकास्ट

सिनेमा संपला म्हणणारे स्वतः चार माणसांत बसून सिनेमा बघतात तरी का? परवा येरमाळ्याला एसटीची वाट बघताना माझा मित्र वैजूनं आमच्या लाडक्या कादंबरीकाराचा पॉडकास्ट मोबाइलवर मोठ्यानं लावला. कादंबरीकार म्हणाले, "यापुढं प्रत्येकजण एकट्यानंच सिनेमा बघेल."

"ऐकलंस?" वैजू म्हणाला. "गावात पडदा लावून सिनेमा दाखवायचं रद्द कर. न्हाय येणार कुणी."

"ते म्हणाले म्हणून? वर्षभर ठरवतोय की आपण!"

आमचं भांडण पेटलं. कादंबरीकार बोलतच होते. शेजारी बसलेल्या मावशींना वाटलं, कुणाचा तरी फोन आलाय.

"आरं, त्यो बिचारा कवाधरनं एकटाच बोलायलाय," त्या म्हणाल्या. "कुणीतरी हुं म्हणा की!"