मामींच्या रेडिओची खरखर

तुम्ही फिल्टर लावायचं बोलताय, मी एकदा लावलेला काढलाय. बेगम बाजारात मामांची डाळ मिल होती, वर घर. परदेशी माल खुला झाला तसा मामांनी मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह बसवला, आणि मोटर चालू असेतो वर मामींचा रेडिओ खरखरू लागला. मी अर्थिंग सुधारलं, ड्राइव्हला खरखर अडवणारा फिल्टर लावला. गाणी झुळझुळ वाहू लागली.

आठवड्यानं मामा म्हणाले, "वो फिल्टर नक्को रे बाबा, काढ. भाकरी गार मिळायलीय."

मामी खिडकीत गाणं ऐकत बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "खरखर थांबली की मी तवा ठेवायचे. आता बाजाराच्या गोंगाटात हे मोटर बंद करून जेवायला निघाले ते कळतच नाही."

मी फिल्टर काढला. रेडिओ पुन्हा खरखरला, तसा मामींनी आवाज वाढवला.